निवेसचं हृदय आणि माझी एका दिवसाची नावाडीगिरी

बायकोचं वल्हं लपवायचं, असं मी ठरवलं. लग्नाला दोन वर्षं झाली, पण माझं मी काही ठरवण्याची ही दुसरीच वेळ. (पहिल्यांदा पडद्यांचा रंग ठरवला होता. ते पडदे सध्या सासूबाईंच्या खुराड्यावर आहेत.)

माझी बायको निवेस बायकांच्या नौकाशर्यतीत उतरते. दोघीदोघी, नावेत उभ्याने वल्हवतात. आमच्या सांत एराझ्मो बेटावर तिला सगळे ओळखतात आणि मला तिचा नवरा म्हणून ओळखतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. पंधराव्या वर्षी शाळा सोडून मी आर्टिचोक या भाजीच्या शेतीला लागलो. आर्टिचोकला निशाणं मिळत नाहीत. निवेसने पहिल्या नंबराची तीन लाल निशाणं मिळवली आहेत.

शर्यतीत उतरायचं तर दरवर्षी डॉक्टरांचा दाखला लागतो. यंदा मे महिन्यात डॉक्टर ब्रेस्सान बाईंनी तिचा ईसीजी पाहिला, पुन्हा काढायला लावला आणि चोवीस तास छातीवर यंत्र लावून तिला घरी पाठवलं. त्यात नऊ हजार ठोके अवेळी पडलेले निघाले.

"पण मला काहीच होत नाही," निवेस म्हणाली.

"म्हणून तर मला बघावं लागतंय," बाई म्हणाल्या. "काही होत असतं तर तू आपणहून आली असतीस."

मग त्यांनी पडद्यावर तिचं हृदय दाखवलं. हृदय म्हणजे घड्याळासारखी काहीतरी वस्तू असेल, अशी माझी समजूत होती. हे तर जिवंत जनावर होतं. अंधारात एकटंच, कोणी न सांगता राबत होतं. सात-आठ ठोके नीट पडले की एकदा घाई करायचं, मग क्षणभर थांबायचं आणि पुन्हा ओळीत यायचं. ते थांबलं की मीही श्वास धरत होतो. दोन वर्षं मी याच्या शेजारी बसून जेवलो होतो आणि मला पत्ताच नव्हता.

घडणीत दोष दिसत नाही, बाई म्हणाल्या. तीन महिने वल्हं नाही, पळणं नाही, सायकल नाही. मग पुन्हा यंत्र. अवेळी ठोके कमी झाले तर दाखला आणि सप्टेंबरची शर्यत. नाहीतर शर्यती बंद. एरवी समुद्रपक्ष्यांशीही गप्पा मारणारी निवेस परतीच्या बोटीत बोटांवर सप्टेंबरपर्यंतचे आठवडे मोजत बसली.

म्हणून मी तिचं वल्हं घेवड्याच्या वाफ्यात, वेलांच्या काठ्यांमध्ये उभं करून ठेवलं. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. पण मी तिला बादली उचलू देईना, मग खुर्ची, मग मक्याचा पोलेंटा ढवळायचा दांडासुद्धा. पोलेंटा मीच ढवळू लागलो. शेजारी राहणाऱ्या सासूबाई एकदा चव घेऊन म्हणाल्या, "पोरीचं हृदय वाचेल रे. पोटाचं काय?"

ऑगस्टच्या शेवटी यंत्र पुन्हा लागलं. या खेपेला त्या चोवीस तासांत नेहमीसारखा सराव करायचा होता. यंत्र मात्र भिजू द्यायचं नव्हतं, कारण ते बिघडलं तर पुन्हा लावायची तारीख शर्यतीनंतरची होती. नेमकी तिची जोडीदारीण रोसेल्ला बहिणीच्या बाळंतपणाला गेलेली. मी येतो, म्हणालो.

"पुढे उभा राहा," निवेस म्हणाली, "आणि शक्यतो काही करू नकोस."

घेवडा वल्ह्यावर टोकापर्यंत चढला होता. तो सोडवताना सासूबाईंनी पाव किलो शेंगा काढल्या.

आणि मग ती वल्हवायला लागली. मी पुढे उभा होतो. माझं वल्हं पाण्यापेक्षा हवेतच जास्त होतं. मागून तिचा श्वास ऐकू येत होता, एकसारखा, आणि पाण्याला कळायच्या आत नाव पुढे गेलेली असायची. त्या पडद्यावरच्या जनावराला कोणीतरी मोकळं सोडलं होतं.

पाऊण तासाने आम्ही पाण्यातल्या एका खांबाला नाव बांधली. ती पीच खात निवांत बसली. दहा-बारा मिनिटं झाल्यावर मला वाटलं, परतीचे श्रम तरी तिला नकोत. उठलो आणि वल्ह्यावर सगळा जोर घातला. (शहाण्या माणसाने आधी दोर सोडला असता.) नाव जागच्या जागी राहिली, मी पुढे गेलो.

नाकातोंडात पाणी गेलं. तरी मी ओरडत होतो, उडी मारू नकोस, यंत्र भिजेल, मी बुडालो तरी चालेल, शर्यतीला जा, माझ्या आईला सांग की मी...

"एल्वियो," निवेस म्हणाली, "उभा राहा."

उभा राहिलो. पाणी गुडघ्यापर्यंत होतं. आमची खाडी बहुतेक तेवढीच खोल आहे. हे मला जन्मापासून ठाऊक आहे.

तीन दिवसांनी बाईंनी कागदाची लांब पट्टी टेबलावर पसरली. नऊ हजारांचे एकशे चार उरले होते. वल्हवतानाचे ठोके मिनिटाला एकशे सत्तर, आणि त्यांत अवेळी एकही नाही. एवढ्या घाईत एवढी शिस्त मी कधी पाहिली नव्हती. त्या रेघांना बोट लावायचं धाडस मला झालं नाही. बाईंनी दाखल्यावर सही केली, दर सहा महिन्यांनी यायला बजावलं, आणि निवेस रडली. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग बाईंनी पट्टीवर एके ठिकाणी पेन्सिल टेकवली. "दहा चाळीसला तर फारच सुंदर आहे. मिनिटाला पन्नास, एकही ठोका इकडचा तिकडे नाही. डुलकी काढली होतीस का?"

"नाही," निवेस डोळे पुसत म्हणाली. "तेव्हा नवरा बुडत होता."

बाईंनी मान हलवली आणि शेजारच्या रकान्यात लिहिलं: विश्रांती.