स्वतःच्या जबाबदारीवर

केशवराव गेले त्याच्या आदल्या दिवशी बापलेकीचं भांडण झालं, ते एका कागदावरून. सुजाता कोठी भागातल्या एका वकिलांकडे ज्युनिअर होती आणि वडिलांची बेगम नावाची घोडी वरातींना भाड्यानं जायची. एखादा नवरदेव पडला तर वडील कोर्टात उभे राहतील, या धास्तीनं तिनं एक फॉर्म छापून आणला होता. 'दुखापत, अपंगत्व वा मृत्यू आल्यास मी स्वतःच्या जबाबदारीवर बसलो आहे.' खाली नवरदेवाची सही.

"नक्को मला ते," बेगमच्या खुरातली माती काढता काढता केशवराव म्हणाले. "सही घेतली की मानूस निवांत होतंय. निवांत झालं की खोगिराचा तंग ढिला राहतोय."

"बाबा, निष्काळजीपणाचा दावा म्हणजे काय असतो, ठाऊक आहे?"

"नाही बा. काळजी म्हंजे काय असती, तेवढं ठाऊक हाय."

"मग होऊ दे काय व्हायचं ते," म्हणत ती डबा उचलून निघून गेली. संध्याकाळी दोघांनी पिठलं-भाकरी खाल्ली. विषय निघाला नाही. सकाळी केशवराव उठलेच नाहीत.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी फोन वाजला. "मी रंजना बोलतेय. परवा आमच्या अमेयची वरात. घोडी साडेपाचला येईल ना? केशवरावांनी शब्द दिलाय."

सुजाता 'ते गेले' असं सांगणार होती. तोंडातून निघालं, "येईल." वडिलांनी दिलेला तो शेवटचा शब्द होता, तो मोडायला तिची जीभ रेटेना. मग दोन दिवस ती स्वतःलाच विचारत राहिली. घोडी बुजली तर? कुणी तिच्या पायाशी फटाका सोडला तर? आणि ऑफिसमधल्या कुणी पाहिलं तर? 'वडील काय करतात?' या प्रश्नाला तिथे सहा वर्षं तिचं एकच उत्तर होतं : 'रिटायर झालेत.'

ठरल्या वेळी ती बेगमला घेऊन तारनाक्याच्या त्या गल्लीत पोचली. नवरदेवाची आई रंजनाताई कुंकवाचं बोट घोडीच्या कपाळाकडे नेत होती, तेवढ्यात सुजातानं फॉर्म पुढे केला.

"मृत्यू?" रंजनाताई किंचाळल्या. "शुभकार्यात मृत्यू?"

"अहो, नुसता शब्द आहे तो."

"मग खोडा!"

मृत्यू खोडला, तर अपंगत्व जास्तच ठळक दिसायला लागलं. तेही खोडलं. मग अमेयचे मामा हर्षवर्धन, पुण्यातले वकील, चष्मा लावून पुढे सरसावले. "कुणी लिहिलाय हा? तुमचा तंग सुटला आणि आमचा भाचा पडला, तर या सहीनं सुटाल तुम्ही? काळजी घेण्याचं कर्तव्य असं कागदावर झटकता येत नाही, बाई!"

हे सुजाताला ठाऊक होतं. गल्लीभर पाहुण्यांसमोर ऐकावं लागेल, एवढंच ठाऊक नव्हतं.

"मामा, तंग सुटतो?" अमेय पांढरा पडला.

"अरे, उदाहरण दिलं."

"मी चालत येतो."

"चालत? आणि व्हिडिओवाला काय तुझी मोजडी काढणार?" रंजनाताई कडाडल्या. "सात-पाचचा मुहूर्त आहे!"

अमेय सुजाताकडे वळला. "तुम्हीच सांगा. बसू का?"

याचं उत्तर फॉर्ममध्ये नव्हतं. तिनं तो पर्समध्ये कोंबला. तंग पाहिला, एक घर आवळला, पुन्हा पाहिला. रिकिबीचे पट्टे ओढून पाहिले. बँडला वीस पावलं पुढे पाठवलं, फटाक्यांची माळ मामांच्या ताब्यात दिली. तरी मन खायचं थांबेना. अशा वेळी केशवराव स्वतः बसून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येत. तिनं पदर खोचला आणि ओट्यावरून बेगमवर चढली.

"टोकापर्यंत जाऊन येते. मग तुम्ही."

पण घोडीवर माणूस चढला की वाजवायचं, एवढंच बँडला कळतं. "बैठ गये! बजाव रे!" बँडमास्तर ओरडला. ढोल कडाडले. छत्रीवाल्यानं सवयीनं जरीची छत्री धरली, आणि तिच्या झालरीत सुजाताचं तोंड झाकून गेलं. बेगमलाही बारा वर्षांची सवय. बँडच्या मागे, थेट लग्नाच्या हॉलपर्यंत.

"थांबवा! अहो, मी नाही!" ढोलांपुढे कोण ऐकतो? लगाम खेचावा, तर मागचे नाचणारे खुरांशी येतील. बाजूला वळवावी, तर कडेच्या बायका. कुणाला लागू नये म्हणून ती घोडी सरळ चालवत राहिली. मागून अमेय फेटा सावरत धावत होता. "अरे, मी इकडे आहे!"

"बाजूला हो रे, नवरदेवाला जाऊ दे," म्हणत त्याच्या सख्ख्या आत्यानं त्याला कोपरानं ढकललं.

हॉलच्या दारात बँड थांबला, बेगम थांबली. नवरीची आई तबक घेऊन पुढे आली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत तिनं ओवाळलं आणि डोळे उघडले.

"अगं बाई! तुम्ही कोण?"

छत्री बाजूला झाली. दोनशे माणसं माना उंचावून पाहू लागली. सुजातानं आधी खाली पाहिलं. कुणालाही लागलं नव्हतं. तंग जागच्या जागी होता.

"मी घोडीवाल्या केशवरावांची मुलगी," ती म्हणाली. मागच्यांना ऐकू गेलं नसेल, म्हणून तिनं तेच पुन्हा एकदा, मोठ्यानं सांगितलं.