सरळ रेषेत भुज

"नवऱ्याचं विमान फोनमधी शोधत नको बसू गं तेजश्री, खुळी होशील," असं शेजारच्या बिलकिसभाभींनी बजावलं होतं. तेजश्रीने ते हसण्यावारी नेलं. शिकल्यासवरल्या बाईने दोन गावांमधलं अंतरसुद्धा बघू नये की काय?

अंतर बघितलं आणि तिथेच घात झाला. रूपेश कंपनीच्या कामाने सकाळी दिब्रुगडहून भुजला निघाला होता. फोन सांगत होता: अडीच हजार किलोमीटर, उड्डाण साडेतीन तास. म्हणजे माणूस दुपारच्या जेवणाला भुजमध्ये हवा. चार वाजले तरी त्याचा फोन बंद. आणि सोबत ती प्रिया! ऑफिसच्या प्रत्येक फोटोत नेमकी रूपेशशेजारी मान तिरकी करून उभी राहणारी.

"थांबलं आसंल कुठं वाटंत," भाभी म्हणाल्या.

"भाभी, विमान आहे ते! नेरळहून खालापूरला जाताना लागतो तसा मधे चौक गावचा धाबा आहे का, वडापाव खायला उतरायला?"

दात येत असल्याने किरकिरणाऱ्या आरोहीला कडेवर घेऊन तिने खालापूरला प्रियाच्या घरी फोन लावला. नवरा ऋषिकेश अगदी निर्धास्त होता.

"पोचली असेल ओ ताई."

"साडेतीन तासांचं तर उड्डाण, भाऊजी. मग बाकीचा वेळ गेला कुठे?"

पलीकडे गाडीच्या किल्ल्या खुळखुळल्या. मग आवाज आला, "आलोच."

निळं हेल्मेट घालून तो नेरळला हजर झालासुद्धा. नकाशावरची रेष दोघांनी मोठी करून बघितली, लहान करून बघितली. सरळच होती. तेजश्रीने पोहे टाकले. आरोही ऋषिकेशच्या खांद्यावर कधी झोपली, कुणालाच कळलं नाही.

दिवेलागणीला दारात बॅग आपटली. रूपेश!

"सरळ विमान नाय गं. कोलकाता, मग मुंबई. भुजचं उद्या सकाळी. चार्जिंग संपलं, म्हटलं अचानक जाऊन खूश करावं. प्रियापण खालापूरला..." तो थांबला. दोन बशा. परका माणूस. त्याच्या खांद्यावर आपली पोर. "ह्ये कोण?"

"प्रियाचे मिस्टर. ते... अंतर बघायला आले होते."

"कसलं अंतर? आणि कवापास्नं बघताय?"

खिडकीतून समोरच माथेरानचा डोंगर दिसत होता. हाताला लागेलसा. छोटी आगगाडी तिथे किती वळणं घेत पोचते, हे तेजश्रीला लहानपणापासून ठाऊक होतं. नेमकं आज आठवलं नव्हतं. ऋषिकेशने पोर तिच्या हाती दिली आणि हेल्मेट उलटंच डोक्यात घालत पळ काढला.

बऱ्याच वेळाने प्रियाचा फोन आला. आवाज थंडगार.

"आमचे हे तुमच्याकडे होते म्हणे? अजून घरी नाही पोचले."

"निघून खूप वेळ झाला गं."

"हो का? नेरळ ते खालापूर किती वेळ लागतो, मी आत्ताच बघितलंय फोनमध्ये."

तेव्हा मंडळी, चौकच्या बाजूने जाणार असाल तर धाब्यांवर जरा नजर टाका. समोरचा चहा पार निवलेला, शेजारी निळं हेल्मेट आणि घरी जायची छाती होत नाही असा कुणी दिसला, तर त्याची विचारपूस करा. बायको वाट बघतेय म्हणावं. कशी बघतेय, ते मात्र सांगू नका.