पुतळ्याच्या छातीला हात लावू नये

ज्या कचेरीने हा हुकूम काढला तिचं नाव इथे घेत नाही. ते तिचं तिला ठाऊक आहे. तिथे वरच्या मजल्यावर, वीज गेली तरी ज्यांना घाम येत नाही अशा साहेबांवर मात्र सरळ आरोप आहे: तुम्ही माणसं वाचवायला पुतळा पाठवलात, आणि माणसांपासून पुतळा वाचवण्याचा बंदोबस्त केलात.

माणूस मर्त्य आहे, हे सर्वमान्य आहे. (कलकत्त्यात अजून नाही. इथे माणसाला फक्त गॅस होतो. एका पाहणीनुसार शहरातल्या शंभरांपैकी नव्याण्णव जणांना गॅस आहे आणि उरलेला एक पाहणी करणारा होता, त्याला अॅसिडिटी होती.)

शशिकांत टिपणीस बदलीवर कलकत्त्याला आले तेव्हा चांगले ठणठणीत होते. दोन हिवाळ्यांत ते शहराला शोभेसे झाले. नोव्हेंबर लागला की माकडटोपी, जेवण झालं की ओव्याचा अर्क, खिशात कायम पाचकाच्या गोळ्या. डोकं दुखलं तर गॅस, गुडघा दुखला तर गॅस, बढती हुकली तर वर चढलेला गॅस. त्यांची बायको कालिंदी हे सगळं बघत होती आणि बोलत होती. ऐकत कोणी नव्हतं.

मग दुर्गापूजेच्या सुट्टीआधी एका संध्याकाळी, एस्प्लनेडला ट्रामची वाट पाहता पाहता टिपणिसांचा डावा हात जड झाला, अंगाला दरदरून घाम सुटला आणि ते फुटपाथवर बसले. कालिंदी शेजारीच होती. क्षणार्धात गर्दी जमली आणि गर्दीचं वैद्यकीय मंडळ झालं. एकाने कांदा हुंगवला, दुसऱ्याने चप्पल हुंगवली. दोघांनी तळवे चोळले. एकाने सोडा आणला, पण सोड्याने गॅस जातो की वाढतो यावर मतभेद होऊन दोन पक्ष पडले आणि सोडा आणणाराच तो पिऊन गेला. हवा सोडून टिपणिसांना सगळं मिळालं.

त्या दिवशी निभावलं. पण डॉक्टर शरच्चंद्र सान्यालांनी तपासून कालिंदीला बाजूला घेतलं.

"गॅस नहीं है बौदी, दिल है. फिर हुआ और दिल रुक गया, तो गाड़ी का इंतज़ार मत कीजिए."

बौदी म्हणजे वहिनी, आणि गाडी म्हणजे अॅम्ब्युलन्स. ती मोर्चात अडकते, मोर्चा पाण्यात अडकतो आणि पाणी तर कायमचंच तुंबलेलं.

"मग करायचं काय?"

"छाती दाबनी है. तुरंत."

"शिकवा," कालिंदी म्हणाली. बाईचं मागणं एवढंच होतं, हे लक्षात ठेवा.

नेमकं त्याच सुमारास उपरोक्त कचेरीने जनतेला 'हृद्फुप्फुसीय पुनरुज्जीवन' शिकवायचं मनावर घेतलं. (हा शब्द न अडखळता उच्चारेपर्यंत रुग्णाचा प्रश्न निकाली निघतो.) सरावासाठी एक रबरी पुतळा परदेशातून आला आणि शहरातल्या मंडळामंडळांतून फिरू लागला. त्याच्यासोबत सूचना फिरत होत्या:

'पुतळा मौल्यवान आहे. त्याच्या छातीवर भार टाकू नये. तोंडास तोंड लावू नये. प्रशिक्षणार्थींनी हातभर अंतर राखून त्यास वाचवावे.'

आमच्या मराठी मेळ्याने तर याहून कडक अंमल केला. मेळ्याचे अध्यक्ष श्यामसुंदर उपासनी, बँकेतले अधिकारी. त्यांना पाण्याचा पेलासुद्धा सूत्रसंचालनाशिवाय उचलता येत नाही. उद्घाटनाला कचेरीतले साहेब येणार होते, ते आले नाहीत. मधली खुर्ची रिकामी कशी ठेवायची? तीवर पुतळ्याला बसवलं. उघडा बरा दिसेना म्हणून उपासन्यांचा सदरा घातला. सदरा घातल्यावर तो माणसात आला, आणि माणसात आलेला पाहुणा सत्काराशिवाय परत पाठवणं आपल्यात बसत नाही. शाल आली, नारळ आला. पुतळ्याने भाषण केलं नाही, त्यामुळे तो इतका आवडला की पुढच्या खेपेलाही त्यालाच प्रमुख पाहुणा म्हणून बोलवायचं ठरलं.

"अहो उपासनी, पण दाबायचं कधी?" कालिंदीने उभं राहून विचारलं.

"वहिनी, पाहुण्यांच्या छातीला हात? आणि तोही बायकांनी?" उपासनी कळवळले. "प्रात्यक्षिक आहे की! कार्यक्रमपत्रिका बघा."

कार्यक्रमपत्रिका अशी: दीपप्रज्वलन, ईशस्तवन, प्रास्ताविक, परिचय, सत्कार, अध्यक्षीय भाषण, आभारप्रदर्शन, अल्पोपाहार, प्रात्यक्षिक (वेळ उरल्यास).

वेळ उरला नाही. पुढच्या वेळीही नाही. तिसऱ्या वेळी उरला, पण वीज गेली.

शेवटी कालिंदीने अल्पोपाहाराच्या रांगेत, प्रात्यक्षिकासाठी म्हणून बोलावलेल्या डॉक्टर सान्यालांना गाठलं. डॉक्टरांनी तोंडात अख्खा बटाटेवडा असताना, दोन्ही हात हवेत धरून दाखवलं: इथे, छातीच्या मधोमध. हातावर हात. कोपर ताठ. जोर खांद्यातून, आणि थांबायचं नाही. त्या दिवसापासून कालिंदी घरी रोज गादीची वळकटी करून तिच्यावर चढायची.

"अगं, त्या गादीने तुझं काय केलंय?" टिपणीस विचारायचे.

"तुमची रंगीत तालीम आहे ही."

"मी अजून आहे बरं का."

"म्हणूनच गादीवर करतेय. तुम्हाला लागेल."

चौथा कार्यक्रम. पुतळा मध्यभागी, खांद्यावर नवी शाल. डॉक्टर सान्यालांचाही सत्कार झाला: शाल, नारळ, पुष्पगुच्छ, वर संदेश मिठाईचा खोका, आणि श्रीखंडाचं मडकं. उपासनी आभारांना उभे राहिले. त्यांनी मांडववाल्याचे, ध्वनिक्षेपकवाल्याचे, पंख्याचे आणि पंखा चालू ठेवल्याबद्दल विजेचे आभार मानले. विजेला ते सहन झालं नसावं, पंखा बंद पडला. त्याच वेळी तिसऱ्या ओळीतले शशिकांत टिपणीस खुर्चीतून सरकले आणि धप्पकन जमिनीवर पडले.

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"काय हुबेहूब पडले हो!" मागून कोणीतरी म्हणालं. "नाटकात होते वाटतं!"

"टिपणीस," उपासनी म्हणाले, "प्रात्यक्षिक आभारांनंतर आहे. कृपया उठून बसावं."

कालिंदीने नवऱ्याला हाक मारली, हलवलं, नाकाशी गाल नेऊन पाहिलं. श्वास नाही. चेहरा राखेसारखा. तिला काही सुचायच्या आत तिचे हात छातीवर पोचले होते.

"वहिनी, हे पत्रिकेत नाही!"

"तुमची पत्रिका घाला चुलीत! ह्यांचा श्वास थांबलाय!"

डॉक्टर धावले असते. पण कडेवर नारळ, हातात गुच्छ, काखेत खोका, दुसऱ्या हातात मडकं. खाली ठेवायला जागा शोधत ते तिथूनच ओरडले, "दाबिए बौदी! और ज़ोर से! कोहनी सीधी!"

आणि तिने दाबलं. पाहुण्यांना नव्हे, हातभर अंतर राखून नव्हे. साडीचा पदर खोचून, गुडघ्यांवर बसून, महिनोन्‌महिने गादीवर काढलेला सगळा राग तिने त्या छातीत उतरवला. एक बरगडी कडकन वाजली. बायका किंचाळल्या. कालिंदी थांबली नाही. तोवर डॉक्टर आपल्या सत्कारातून कसेबसे सुटून आले, त्यांनी टिपणिसांच्या तोंडात फुंकर घातली, पुन्हा हिने दाबलं, आणि टिपणीस एकदम घशातून घरघरले, खोकले, डोळे उघडून बायकोकडे बघत राहिले.

"गॅस झालाय बहुतेक," ते म्हणाले.

कालिंदी तिथेच फतकल मारून बसली आणि रडता रडता इतकी हसली, की लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

टिपणीस आता घरी आहेत. बरगडी सांधतेय. हसलं की दुखते, म्हणून कालिंदी त्यांना मुद्दाम हसवते. कचेरीचा लखोटाही आला. पुतळा मूळ स्थितीत परत केल्याबद्दल मेळ्याचं अभिनंदन, हॉलमध्ये आभार संपेपर्यंत बसून राहिलेल्या सर्वांना 'प्रशिक्षित जीवरक्षक' असं प्रमाणपत्र (उपासन्यांनी चौकटीत लावलंय), आणि सौ. टिपणीस आभारांच्या मध्येच उठल्यामुळे त्यांना प्रमाणपत्र नाही. उलट विचारणा: अप्रशिक्षित असताना त्यांनी कोणाच्या परवानगीने छाती दाबली? खुलासा करावा.

खुलासा कालिंदी करणार नाही. खुलासा तुम्ही करा, साहेब. पुढचा माणूस पडेल तेव्हा त्याला शाल घालायची की नारळ द्यायचा?

आणि तुम्ही, वाचक. तुम्ही उपासन्यांना हसलात. आत्ता हे वाचताना शेजारच्या खोलीत धप्पकन आवाज झाला, तर तुमचे हात कुठे ठेवायचे, ठाऊक आहे का तुम्हाला? की तुमच्याकडेही फक्त प्रमाणपत्रच आहे? बोला.