दोन रेघा कुणाच्या?

दुकानामागच्या खोलीत आतून कडी लावून शिंपी स्वतःच्या बोटाकडे रोखून बघत बसला होता. उभ्या जन्मात त्या बोटाला हजारदा सुई लागली असेल, पण ती चुकून. मुद्दाम टोचायची म्हटल्यावर सुई दोनदा खाली ठेवून झाली. शेवटी डोळे गच्च मिटून त्याने टोचलं, रक्ताचा थेंब कसाबसा चाचणीच्या पट्टीवर टेकवला आणि मग "आई गं!" करून अशी उडी मारली की नाकावरचा चष्मा खाली पडला. उडी संपली ती नेमकी चष्म्यावर.

सूचना सुदैवाने त्याने आधीच पाठ केली होती. औषधाचे थेंब टाकायचे. एक रेघ उमटली तर चिंता नाही, दोन उमटल्या तर डॉक्टर गाठायचा. आणि वीस मिनिटांनंतर जे दिसेल ते खरं धरायचं नाही.

हे सगळं लचांड वाचनालयातल्या बाईंमुळे. दोघांचं लग्न ठरलं होतं, घरी मात्र शिंप्याने अजून चकार शब्द काढला नव्हता. "आपण काही विशीतले नाही," बाई म्हणाल्या होत्या. "दोघांच्याही मागे एकेक आयुष्य आहे. सिफिलिसची तपासणी करून घेऊ. माझी झाली, ठीक आहे. आता तुमची."

बायको गेल्यावर काही वर्षं शिंपी एका सर्कशीचे कपडे शिवत गावोगाव हिंडला होता, आणि तिथल्या सगळ्याच रात्री त्याने बटणं लावण्यात घालवल्या असं छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं. दोन रेघा निघाल्या तर बाई लग्न मोडणार, याबद्दल त्याला शंका नव्हती. आणि बाई आता त्याला फार आवडायला लागल्या होत्या.

वेळ झाली. त्याने पट्टी उजेडात धरली. जवळ धरली तर रेघ दिसेना, लांब धरली तर पट्टीच दिसेना. तेवढ्यात दार वाजलं.

"बाबा, चहा आणलाय. कडी का लावलीत?" बाहेर सून होती.

शिंप्याने दार उघडलं आणि पट्टी तिच्या नाकासमोर धरली. "पोरी, तुझे डोळे चांगले आहेत. काही विचारू नकोस. यावर रेघा किती ते सांग."

सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. "ही... ही तुम्हाला कुठं सापडली?"

"ते सोड गं! रेघा किती?"

"एक," ती कशीबशी म्हणाली. "एकच आहे."

"एकच!" शिंप्याने गळ्यातली टेप काढून हवेत उडवली. "वाचलो! देव पावला!"

सून ढसाढसा रडायला लागली. "एवढा आनंद झाला तुम्हाला? सकाळी दोन होत्या, बाबा! मी तीनदा मोजल्या. आज संध्याकाळी सगळ्यांना सांगणार होते."

आता पांढरं पडायची पाळी शिंप्याची. "तुला दोन? अगं, पण हा आजार तुला कसा झाला?"

"आजार?" सुनेचं रडू जागच्या जागी थांबलं. "बाळाला आजार म्हणताय?"

मग शिंपी जमिनीकडे बघत म्हणाला, "ही पट्टी तुझी नाही. माझी आहे. गरमीची."

"मग पंखा लावायचा ना!"

"ती गरमी नव्हे गं बाई! गरमी म्हणजे सिफिलिस!"

मग सर्कशीपासून वाचनालयापर्यंत सगळं सांगणं आलं. कान लाल झाले, तरी त्याने सांगितलं. सुनेने पदराने नाक पुसलं. "म्हणजे तुम्ही लग्न करताय?"

"हो. आजोबा व्हायच्या वयात."

"व्हायच्या कशाला, होणारच आहात की," असं म्हणून ती हसायला लागली. शिंपी मटकन स्टुलावर बसला. आपल्याला नातवंड होणार, हे त्याच्या डोक्यात आत्ता कुठे शिरलं होतं, आणि शिरल्यावर दुसऱ्या कशाला तिथे जागा उरली नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. बाई होत्या. "काय हो, लागला का निकाल? किती रेघा?"

"दोन!" शिंपी म्हणाला आणि आनंदाने मुसमुसायला लागला.

मग बाई हळूच म्हणाल्या, "रडू नका. बरा होणारा आजार आहे. उद्या दवाखान्यात आपण दोघं जाऊ, मी बरोबर येते. आणि लग्न ठरल्या दिवशीच होईल."

शिंप्याला आता खरंखुरं रडू आलं. इतके दिवस आपण या बाईंना उगाच भ्यालो, असं त्याला वाटलं. त्याने बाहीने डोळे पुसले आणि एका दमात म्हणाला, "अहो, तसं नाही! माझी एकच आहे. दोन रेघा माझ्या सुनेच्या!"

पलीकडून पुस्तक धपकन मिटल्याचा आवाज आला.

"बरं," बाई म्हणाल्या. "मग तिलाही घेऊन या. तिघं मिळून जाऊ."