उत्तमराव रुसले नव्हते

"बाबा, तिथं गुडघ्याचं नाव काढू नका," नातवाच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, निघायच्या आदल्या संध्याकाळी रविकांतने बापाला बजावलं.

"गुडघा माहा, लग्न कुलदीपचं. त्याहिले कायचा त्रास हाय?"

"घरात कोनी दुखनाईत हाय का, हेच पयले पाहतेत लोकं. आमी सांगून ठेवलं हाय, आबाजी एकदम काटक हाये म्हनून."

उत्तमराव गप्प बसले. बसण्यावाचून दुसरं काही त्यांना येतही नव्हतं. इचोड्याच्या हमरस्त्यावर त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान. सत्तरी उलटली तरी सकाळी शटर तेच वर करायचे. मग उजवा गुडघा धरू लागला आणि रविकांत त्यांना आदिलाबादला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर तेलुगू माणूस, म्हाताऱ्यांना 'ताता', म्हणजे आजोबा, म्हणणारा. गुडघ्याचा फोटो उजेडात धरून त्याने हिंदीत निक्षून सांगितलं, "ताता, गद्दी घिस गई है, उसका देखेंगे. लेकिन बैठना मत. दुखता है बोलके बैठे तो जांघ सूखेगी. जांघ सूखी तो पूरा वजन घुटने पे, और जादा दुखेगा." खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, थोडा वेळ तसाच धरायचा, असा व्यायामही त्याने करून दाखवला.

एवढ्या सगळ्यातून घराने 'घिस गई' तेवढंच उचललं. झिजणारी वस्तू वापरायची नाही, हा सून मीनलचा साधा हिशेब. घरातली चांगली भांडीसुद्धा ती माळ्यावरच ठेवते. "मामाजी, तुमी बसा, पानी मी आनते," असं ती म्हणू लागली. "बाबा, तुमी बसा, दुकान मी पाहतो," असं रविकांत म्हणू लागला. म्हातारा गल्ल्यावरून हलला ही सोय त्यात होती, पण तिला सेवा म्हटलं की चारचौघांत बरं दिसतं. दोन वर्षं अशी सेवा झाली. सिमेंटची पोती रेटणारी मांडी लेंग्यात दोडक्यासारखी लोंबू लागली. गुडघा दुखायचा तो दुखतच होता, आता मांडीही ऐकेना. खाटेवरून उठायचं तर मीनलने काखेत हात घालून ओढायचं, असा शिरस्ता पडला.

उत्तमरावांजवळ शाबूत राहिलं होतं ते नाव. या भागात लग्न म्हटलं की वराकडचं कोणीतरी रुसायचंच. कुणी टोपीवरून रुसतो, कुणी टॉवेलवरून, आणि मुलीचा बाप हात जोडून मागेमागे फिरतो. उत्तमराव आयुष्यात कुठल्याच मांडवात रुसले नाहीत. उलट रुसलेल्याला सगळ्यांदेखत झापायचे. "उत्तमराव आले म्हणजे मांडव बिनघोर," असं मुलींचे बाप म्हणत. या एका वाक्यावर म्हातारा अजून जगत होता.

वांकिडीला पांडुरंगरावांनी, म्हणजे होणाऱ्या नवरीच्या, सपनाच्या, बापाने, अंगणात मांडव घातला होता. भाजीपाला पिकवणारा साधा माणूस. त्याने पंगत मांडताना आपणहून विचारलं, "काकाजी, खुर्ची आनू का?"

"छ्या! आमचे बाबा खालीच बसतेत," उत्तमरावांनी तोंड उघडायच्या आत रविकांत म्हणाला.

उत्तमरावांनी मांडवाचा खांब धरला आणि धप्पकन खाली आले. बसायला फार काही लागत नाही, पृथ्वी आपणहून ओढून घेते. लोकांना वाटलं, काय झोकात बसले!

जेवण उत्तम झालं. पुऱ्या, वांग्याची भाजी, वरणभात, बुंदी. मग सगळी पंगत उत्तमरावांकडे बघू लागली, कारण वराकडचा वडील माणूस उठल्याशिवाय पंगतीतून कोणी उठायचं नाही, अशी तिथली रीत. उत्तमरावांनी डावा हात भुईला टेकला आणि जोर लावला. बूड चार बोटं वर आलं, मांडी थरथरली आणि तिने अंग टाकलं. पुन्हा जोर लावला, पुन्हा तेच. दुखलं असतं तर निदान ओरडता तरी आलं असतं, पण फारसं दुखतही नव्हतं. मांडीला हाक मारावी तर आत कोणी घरीच नव्हतं.

पांडुरंगराव लगबगीने आले. "काकाजी, काई कमी राह्यलं का?"

"नाई, नाई. सगळं झ्याक झालं."

"मंग उठा ना जी."

"उठतो ना. घाई कायची हाय?"

पंगतभर कुजबुज पसरली. आबाजी रुसले! बुंदी पुन्हा वाढली, ती उत्तमरावांनी लाजेकाजेस्तव खाल्ली. शाल आणून खांद्यावर घातली. शाल पांघरूनही ते बसलेलेच, तेव्हा मान पुरला नाही यावर सगळ्यांचं एकमत झालं. पंगतीतल्या लोकांच्या बोटांवर वांग्याचा रस्सा वाळून तडकू लागला. दुसरी पंगत बाहेर उपाशी उभी होती आणि उत्तमरावांच्या नावाने दातओठ खात होती.

रविकांत येऊन कानाशी वाकला. "बाबा, उठा ना! लोकं पाहून राह्यले."

"उठवत नाई रे. हात दे."

रविकांतने हात पुढे केला, तेवढ्यात मागून पांडुरंगरावांचा कापरा आवाज आला, "रविकांतराव, अंगठी तं ठरलीच हाय. त्याच्यावर मोटारसायकल बी देतो. पन त्याहिले उठवा."

रविकांतचा हात होता तिथेच थांबला, मग हळूच मागे गेला. "बाबा," तो फार मायेने म्हणाला, "जरासक बसा."

त्या क्षणी उत्तमरावांना पोटच्या पोराची किळस आली. तोंड फिरवावं तर समोर पांडुरंगराव गुडघ्यांवर बसलेले. त्या माणसाने डोक्यावरची टोपी काढली आणि उत्तमरावांच्या पायाशी ठेवली.

"उचल! उचल बाप्पा ते टोपी!" उत्तमराव ओरडले. "मी रुसलो नाई. मले उठताच येत नाई! मांडीत जीवच नाई राह्यला, बसून बसून गेला. काई नको तुहं, फक्त मले उठव!"

मांडवात हास्याचा स्फोट झाला. पांडुरंगराव तर हसता हसता रडले. चौघांनी उत्तमरावांना उभं केलं, पंगत नळाकडे पळाली, खुर्ची आली. उत्तमरावांच्या जिवात जीव आला. नावही राहिलं आणि सोयरीकही राहिली, असं त्यांना वाटलं.

मुलीची आजी प्रयागबाई जवळ येऊन बसली. "कसं बाई हे दुखनं! मंग घरी कोन उठवते तुमाले?"

मीनलच्या सेवेचा विषय चारचौघांत पहिल्यांदाच निघाला होता. ती मोहरून म्हणाली, "मीच जी! सकाळी खाटेवरून, मंग मोरीत, मंग पुन्ना खाटेवर. कंबर गेली माही. आता सपना आली का आमी दोघी मिळून उठवू!"

प्रयागबाईने नातीकडे पाहिलं. सपनाने कुलदीपकडे पाहिलं. कुलदीपने मोबाईलकडे पाहिलं. पांडुरंगराव घसा खाकरून म्हणाले, "आज वेळ बी टळून गेली. पंचांग पाहून कळवतो ना जी." अंगठी डबीतच राहिली. रुसलेल्या म्हाताऱ्याला मोटारसायकल द्यायला निघालेला माणूस, न उठणाऱ्या म्हाताऱ्याच्या घरी पोरगी द्यायला तयार नव्हता. उत्तमरावांना त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी त्यांनीही हेच केलं असतं.

परतताना जीपमध्ये रविकांत धुमसत होता. "आनखी जरा बसले असते तं काय बिघडलं असतं?"

"माहं नाव गेलं असतं."

"नाव काय चाटाचं हाय? पोराचं जमून राह्यलं होतं!"

पुढच्या सीटवरचा कुलदीप एकदाही मागे वळला नाही. म्हाताऱ्याला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

घरी आल्यावर उत्तमरावांनी डॉक्टरचा व्यायाम सुरू केला. खुर्चीत बसून पाय लांब केला, दात आवळून धरला. मीनलने पाहिलं आणि किंचाळली, "मामाजी, पडसान ना!" तिने खुर्चीच उचलून दुकानात पाठवली.

पुढची सोयरीक गुडीहत्नूरची आली. रविकांत यावेळी शहाणा झाला होता. त्याने मध्यस्थाला सांगितलं, "आमचे बाबा मोठे मानी. एकदा बसले का बसले. ते साक्षगंधाले यायचे नाई, रुसून हाये." मुलीकडच्यांनी तोंड वाकडं केलं नाही. उलट, अशा घरात वळण असतं म्हणून ते खूश झाले आणि म्हाताऱ्याची समजूत काढायला स्वतः इचोड्याला आले.

"बाबा, भिंतीकडे तोंड करून बसा. एक शब्द बोलू नका," रविकांत म्हणाला.

"मी आयुष्यात रुसलो नाई."

दारात कुलदीप उभा होता. वांकिडीनंतर तो आज पहिल्यांदा आजोबांशी बोलला. "आबाजी, माह्यासाठी येवढं करा."

उत्तमराव नातवाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "वळवा मले."

बापलेकांनी धरून त्यांना खाटेवर भिंतीकडे वळवलं. पाहुणे आले. मुलीच्या बापाने नारळ ठेवला, शाल ठेवली, हात जोडून पुष्कळ विनवलं. उत्तमराव भिंतीचा पोपडा बघत राहिले. शेवटी मुलीचा बाप बाहेर येऊन आदराने म्हणाला, "असा ताठ मानूस आता पाहाले भेटत नाई. मोटारसायकल आमच्याकडून समजा."

सोयरीक जमली. पाहुण्यांना निरोप द्यायला सगळं घर रस्त्यापर्यंत गेलं. बाहेर हसणं-खिदळणं चाललं होतं, आणि त्यात कुलदीपचा आवाज सगळ्यात मोठा होता. उत्तमरावांना आता भिंतीकडून वळायचं होतं. त्यांनी एकदा जोर लावून पाहिला. हाक मारली तर ती रस्त्यापर्यंत ऐकू गेली असती, म्हणून ते तोंड मिटून तसेच बसून राहिले.