दिग्गीचं स्वतंत्र कोठार

काशीच्या घरातली, पेंढ्यात गच्च बांधलेली बियाण्याची मुडी उंदरांनी पोखरली, तेव्हा ती सरळ गावाच्या कोठाराकडे निघाली. दिग्गीत हीच रीत होती. ज्याचं बी बुडालं त्याने कोठारातून भात न्यायचं, पेरायचं आणि सुगी झाली की सवाईने परत भरायचं. मृग आठ दिवसांवर आला होता. काशीची ओढ्याकाठची खाचरं नांगरून तयार होती. खोळंबा फक्त बियाचा.

पण दोनच दिवसांपूर्वी कोठारावर सुधारणा कोसळली होती. येसाजी मास्तरांकडे बेळगावचं वर्तमानपत्र आठ दिवस शिळं होऊन येई. सरकार एक मोठी बँक काढणार असून ती सरकारच्या मुठीत असावी की स्वतंत्र, यावर दिल्लीत मोठमोठे लोक भांडताहेत, असं त्यात आलं होतं. मास्तरांनी जन्मात बँक पाहिली नव्हती, त्यामुळे त्यांचं मत पक्कं होतं. देवळाच्या ओट्यावर गाव जमवून त्यांनी कोठारी पुंडलिकला स्वतंत्र करून टाकलं.

पुंडलिक दारातच किल्ली कमरेला लावून बसला होता.

"दादा, तेवढी एक मुडी दे बी."

"मागितलंस? संपलं! ह्यो दबाव झाला. दबावाखाली बी दिलं तर मी सोतंतर कसला?"

"मग न मागता दे."

"न मागणाऱ्याला गरज हाय, हे मला कसं कळावं?"

काशीने पदर खोचला. "आनि तू चुकलास तर तुला इचारायचं कुनी?"

"ते दिल्लीत अजून ठरलं न्हाई."

त्याच दुपारी गडीमाणसं गवताचे भारे घेऊन कोठार शाकारायला आली. दरसाल यायची तशीच. पुंडलिकने त्यांना शिडीवरून खाली उतरवलं. "भायेरच्यांनी कोठारावर चढायचं न्हाई. ही ढवळाढवळ हाय."

काशी ओट्यावर गेली आणि कोठारी चुकला तर विचारायचं कुणी, म्हणून तिने मास्तरांना चारचौघांत धरलं. तीन दिवस खल झाला. नांगर घरी, नांगरणारे ओट्यावर. शेवटी ठरलं, की पुंडलिकने देवीला जाब द्यावा, कौल लावून. देवीच्या अंगाला दोन पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"पाकळ्या लावनार कोन?" काशीने विचारलं.

"म्हादू गुरव. देवीचा मानूस," पुंडलिक म्हणाला.

"आनि पुंडलिकदादाचा मेहुना. बहिनीच्या घरचं जेवन सोडून त्यो देवीचं कशाला ऐकंल?"

म्हादूने डोळे मिटून विचारलं, "आई, काशीला बी द्यावं काय?" दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या.

"देवी तटस्थ आहे," मास्तर गंभीरपणे म्हणाले.

"देवी कटाळली हाय, मास्तर!" काशी म्हणाली.

त्यानंतर दोन दिवस वळीव झोडपत राहिला. तिसऱ्या दिवशी पुंडलिकने कोठार उघडलं, तर साती मुड्यांतून पांढरे मोड बाहेर डोकावत होते. भिजलेलं, मोडावलेलं बी. आज-उद्या पेरलं तर पेरलं, नाहीतर कुजलं. स्वतंत्र कोठारी डोक्यावर मुडी घेऊन दारोदार फिरू लागला. पण रान कुणाचंच तयार नव्हतं; सगळे ओट्यावर देश सुधारत होते.

तो धापा टाकत काशीच्या बांधावर आला. "काशी, घे गं बाई."

"चांगल्या मोडाच्या तीन आन. एकदम नको, येकेक. आनि पाय धुऊन खाचरात उतर."

तीन मुड्या पेरल्या गेल्या. उरलेल्या चार म्हशींनी खाल्ल्या.

पुढच्या बैठकीत पुंडलिकने छाती काढून सांगितलं, की यंदा कोठार पुरतं मोकळं झालं आणि ते कुणाच्याही शब्दाखातर नाही. मास्तरांनी "कामगिरी उत्तम" असा शेरा लिहिला, पुंडलिकची मुदत तीन वर्षांनी वाढवली आणि कोठाऱ्यावर देखरेख करायला म्हादूला नेमलं; तोही स्वतंत्रच.

काशीच्या खाचरात रोपं वीतभर झाली, तरी ओट्यावरची बैठक चालूच होती. कोठार रिकामं असल्यामुळे आता मध्येच बी मागायला कोणी येत नव्हतं, आणि चर्चा फार वरच्या पातळीवर गेली होती.