साळवेमामा आणि रेग्युलेटरची जागा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी मुकुंदवाडीच्या साळवेमामांचं नाव घेतो. आई-वडिलांना त्याचं वाईट वाटत नाही. मामा माझे नात्यातले नाहीत. ते मोटारी दुरुस्त करतात आणि चालू इंजिनावर चहाची बशी ठेवतात.

बशी खरंच ठेवतात. गाडीत एखादी नवी वस्तू बसवायची असली की मामा इंजिन चालू करतात, बशीत काठोकाठ चहा ओततात आणि ती बॉनेटखाली इथं-तिथं ठेवत फिरतात. चहा सांडला, जागा बाद. चहा निवांत राहिला की तिथं खडूनं फुली मारतात आणि तोच चहा पिऊन टाकतात. "घाई नगं," हे त्यांचं पालुपद. "वस्तू लई भारी आसंल, पर तिला बसायला जागा नीट नगं का?"

हा नाद गाडीपुरता नाही. खाणावळीत ते तीन टेबलं बदलतात. एकावर पंखा भाकरी वाळवतो, दुसऱ्याला भट्टीची धग लागते, तिसऱ्यावरून वाढप्याला आपण दिसत नाही. चौथ्यावर बसेपर्यंत माझं जेवण संपलेलं असतं. मामी म्हणतात, "लग्नाच्या फोटोला मला तीनदा सरकवलं यांनी. चौथ्यांदा मीच म्हनलं, आता तुमीच एकटे काढा!"

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. पैठण तालुक्यातल्या आमच्या गावात त्याचे पेढे वाटले गेले. पण मुलाखतीत खरं इंजिन समोर आलं की माझी बोबडी वळायची, कारण मी इंजिन पुस्तकातल्या चित्रातच पाहिलेलं. शेवटी फाईल घेऊन मामांकडे गेलो. त्यांनी माझं प्रमाणपत्र नाकाशी नेलं.

"पेट्रोलचा वास नाय येत रे, इंजिनेर."

वर्षभर दर रविवारी मी त्यांच्याकडे राबलो. चितेगावच्या कारखान्यात मला नोकरी लागली ती त्या रविवारांच्या जोरावर. नोकरी लागल्यावरही मी जातच राहिलो.

त्यांची शिकवायची पद्धत एकच. माझा हात मनगटाला धरायचा, तापलेल्या पत्र्यावर टेकवायचा आणि म्हणायचं, "सांग." किती तापलंय, हात किती वेळ टिकतो, ते मी सांगायचो. मामा मान डोलवायचे. मला ती परीक्षा वाटायची. उत्तर त्यांना माहीत असणारच, असं मी धरून चाललो होतो.

गेल्या उन्हाळ्यात करमाडकडचे विक्रमदादा त्यांची शर्यतीची गाडी घेऊन आले. बागायतदार घर, गाडीचा शौक मोठा. तिला टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, बसवलेला होता, आणि आता नवा फ्युएल प्रेशर रेग्युलेटर बसवायचा होता. इंजिनाला पेट्रोल ठरावीक दाबानं मिळावं आणि उरलेलं टाकीत परत जावं, हे बघणारी ही मुठीएवढी वस्तू. विक्रमदादांनी निळीशार, चकचकीत आणली होती.

"मामा, पुढं लावा. बॉनेट उघडलं की दिसली पाहिजे."

"गाडीची नथ हाय का ती?" मामा म्हणाले. "इंजिनावर नगं, हादरे बसतील. लांब नगं, दाब खरा कळायचा नाय. आन् तापत्या जागी तर बिलकुल नगं."

विक्रमदादांचे चार मित्र बघत होते. बशी फिरली. इंजिनाच्या मागच्या उभ्या पत्र्याजवळ चहा अगदी निवांत राहिला. मामांनी फुली मारली, चहा प्यायला, अर्धा तास इंजिन पळवलं आणि माझा हात फुलीवर टेकवला.

"सांग."

टर्बोचा तापलेला पाइप तिथून वीतभरावरून जात होता. मी हात पटकन काढला आणि म्हणालो, "एवढं काही नाही, मामा."

रेग्युलेटर तिथंच बसला. चाचणीला गाडी दोन फेऱ्या झकास पळाली. तिसऱ्या फेरीत रेग्युलेटर तापून पेट्रोलची वाफ व्हायला लागली. दाबाचा काटा थरथरत खाली आला आणि गाडी मित्रांसमोर आचके देत बंद पडली.

"मामा, वय झालं आता तुमचं," विक्रमदादा म्हणाले.

"व्हय. जागा म्याच दावली. चूक माझी," मामा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

गाडी दुसऱ्या गॅरेजला गेली. तिच्यामागं आणखी दोन गिऱ्हाइकं गेली.

पुढच्या रविवारी मी मामांच्या घरी गेलो. ते गॅसवरचं चहाचं पातेलं नुसत्या बोटांनी उतरवत होते. खाली ठेवून शांतपणे चहा गाळायला लागले. बोटांवर फोड आला होता, त्याचा त्यांना पत्ता नव्हता. ते बाहेर गेल्यावर मी मामींना विचारलं. त्यांनी आधी विषय टाळला. मग म्हणाल्या, "शुगरनं बोटं बधिर झाल्यात. दोन वर्सं झाली. कुनाला सांगू नगं म्हनले, गिऱ्हाइक तुटंल."

त्यानंतरचे तीन रविवार मी गेलो नाही. तोंडावर बोलायचं धाडस नव्हतं. मामा मोबाईल फक्त बोलण्यापुरता वापरतात, पण कागदावरचं दोनदा वाचतात. म्हणून हे पत्र पाठवलं:

आदरणीय मामा,
जय भीम.

त्या दिवशी ती जागा तापलेली होती. माझा हात तिथं क्षणभरही टिकला नाही. तुमची फुली मारून झाली होती, लोक बघत होते, आणि तुम्हाला चूक म्हणायला माझी जीभ रेटली नाही. मी त्याला आदर समजलो.

काल विक्रमदादांच्या घरी जाऊन हे सांगितलं. ते मला जे बोलले ते बरोबरच होतं. गाडी परत आणतील का, ते माहीत नाही. तुमच्या बोटांविषयी मी काही बोललो नाही. ते सांगायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. मामींवर रागावू नका, मीच खोदून विचारलं.

मला पुन्हा बोलवाल की नाही, हेही तुमच्यावर. पण ज्याचा हात धराल त्याला आधी सांगा, की मला कळत नाही, तू सांग. परीक्षा आहे असं वाटलं की आमच्यासारखी पोरं तुम्हाला आवडेल तेच उत्तर देतात.

आपला,
गणेश